भरती वर्षभर आधी छापता येते, मग पूर का नाही?

(एका वाचनालयाच्या पावसाळी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे.)

मंडळी, नमस्कार. बाहेर असा पाऊस कोसळतोय, वीज कधी जाईल त्याचा नेम नाही, आणि तरी तुम्ही इतके जण आलात. पत्रिकेत विषय छापलाय 'सिग्नल प्रोसेसिंगमधील सिस्टिमचे मूलभूत गुणधर्म'. तो वाचूनसुद्धा आलात, म्हणजे श्रोते कोकणातलेच आहेत, कशाला घाबरणारे नाहीत.

आमच्या खाडीवर माझा एक शाळूसोबती आहे. होडी त्याची, जाळी त्याची, सगळा जन्म पाण्यावर गेलेला. 2021 च्या जुलैमध्ये चिपळूण बुडालं. त्यानंतर काही दिवसांनी तो मला म्हणाला, "काय रे मास्तर, पुढच्या दिवाळीत भरती किती वाजता हे तुम्ही लोक आज छापून ठेवता. मग आज रात्री पाणी कुठवर चढेल हे का नाही सांगता येत? तेही पाणी आणि हेही पाणीच ना?"

मी 31 वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं. इतका नेमका प्रश्न मला वर्गात क्वचितच कोणी विचारला असेल. त्याला त्या दिवशी मी जे काही सांगितलं ते तुटक होतं. नीट उत्तर द्यायला मला सहा शब्द लागतात, आणि ते सहाही शब्द मी दर वर्षी पहिल्या महिन्यात फळ्यावर लिहीत आलो होतो. आज ते उत्तर पूर्ण द्यायचं असं ठरवून आलोय. आधी ते सहा शब्द, मग भरती, मग पूर.

सिस्टिम म्हणजे काय, एवढं पहिल्यांदा पक्कं करू. वेळेबरोबर बदलणारी आणि मोजता येणारी कुठलीही गोष्ट म्हणजे सिग्नल. घाटमाथ्यावर पडणारा पाऊस हा सिग्नल. चिपळुणात बहादूरशेख नाक्याच्या पुलाखाली वाशिष्ठीची पातळी, हाही सिग्नल. पहिला आत जातो, दुसरा बाहेर येतो. मधले डोंगर, ओहोळ, जांभ्याचे कातळ, भातखाचरं, नदीतला गाळ, हे सगळं मिळून झाली सिस्टिम. माईकसमोर मी बोलतोय तो सिग्नल, तुमच्या कानावर येतो तो दुसरा सिग्नल, मधला माईक, अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकर आणि हे सभागृह ही सिस्टिम. पेटीच्या आत काय आहे हे माहीत नसलं तरी चालतं. आत काय घातलं आणि बाहेर काय आलं, यावरून तिला सहा प्रश्न विचारायचे. तुला मागचं आठवतं का? पुढचं आधीच कळतं का? बेरीज पाळतेस का? आज एक आणि उद्या एक असं वागतेस का? मर्यादेत राहतेस का? आणि तू जे बाहेर दिलंस त्यावरून आत काय गेलं होतं हे परत काढता येईल का? पुस्तकी नावं अशी: मेमरी, कॉझॅलिटी, लिनिअ‍ॅरिटी, टाइम इनव्हेरिअन्स, स्टॅबिलिटी, इनव्हर्टिबिलिटी.

आता इथे मला मनातलं एक दुःख सांगायचंय, कारण ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. आपल्याकडे हा धडा परीक्षेत कसा येतो? एक समीकरण देतात, बाहेरचा सिग्नल बरोबर 'एन' गुणिले आतला सिग्नल. 'एन' म्हणजे कितवा क्षण. त्याखाली तक्ता. लिनिअर आहे? बरोबर. टाइम-इनव्हेरिअंट आहे? चूक. कॉझल? बरोबर. स्टेबल? चूक. पोरं चार खुणा करतात, चार गुण घेतात आणि विसरतात. मी एकदा शेवटच्या वर्षाच्या मुलांना प्रयोगशाळेतला साधा अ‍ॅम्प्लिफायर दाखवला आणि विचारलं, हा लिनिअर आहे का? 40 मुलं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण अ‍ॅम्प्लिफायरवर समीकरण छापलेलं नव्हतं! एकानं हळूच विचारलं, "सर, याचं वाय ऑफ एन काय?" म्हणजे बाहेरच्या सिग्नलचं समीकरण काय. तो मुलगा हुशार होता. दोष त्याचा नव्हताच. त्याला आम्ही असंच शिकवलं होतं की गुणधर्म समीकरणाला असतात. वस्तूला असतात, आणि वस्तूकडे जाऊन ते तपासायचे असतात, हे कुणी त्याला सांगितलंच नव्हतं. त्या दिवसानंतर मी हा धडा फळ्यावर सुरू करणं सोडून दिलं. बंदरावर सुरू करायला लागलो.

बंदरावर म्हणजे खरोखरच बंदरावर. मासळीचं वजन बघा. ताण्याच्या काट्याला टोपली अडकवलेली आहे. टोपली दोन किलोची. टोपलीत पाच किलो बांगडा टाकला, काटा सात दाखवतो. दहा किलो टाकला, बारा दाखवतो. मासळी दुप्पट झाली, आकडा दुप्पट झाला का? सातचे चौदा व्हायला हवे होते, झाले बारा. आलेख काढाल तर सरळ रेषा येते, आणि तरीही सिग्नलच्या भाषेत ही सिस्टिम लिनिअर नाही. हे पहिल्यांदा ऐकलं की मुलं भांडतात. भांडायलाच हवं. कसोटी रेषेची नाही, बेरजेची आहे. दोन गोष्टी वेगवेगळ्या घातल्यावर जे दोन आकडे आले, त्यांची बेरीज दोन्ही एकत्र घातल्यावरच्या आकड्याइतकी हवी. आणि काहीच घातलं नाही तर शून्य हवं. इथे काहीच नसताना काटा दोन दाखवतोय. मासळी विकणाऱ्या बायकांना हे कुणी शिकवावं लागत नाही. त्या आधी टोपलीचं वजन वजा करतात. आताच्या इलेक्ट्रॉनिक काट्याला त्यासाठी टेअरचं बटण असतं. ते बटण दाबलं की सिस्टिम लिनिअर होते.

याच काट्याला मेमरी नाही. मघाशी त्यावर सुरमई होती की कोळंबी, त्याला कर्तव्य नाही. आत्ता जे आहे तेवढंच तो सांगतो. आता मी एक टाळी वाजवतो, ऐका.

(टाळी)

टाळी संपली, पण आवाज लगेच संपला नाही. मागच्या भिंतीवरून आला, पत्र्यावरून आला, हळूहळू विरला. या सभागृहाला मेमरी आहे. मघा आत गेलेलं ते अजून थोडा वेळ बाहेर देत राहतं. एका अगदी छोट्या, क्षणभराच्या धक्क्याला सिस्टिम जे उत्तर देते, त्याला इम्पल्स रिस्पॉन्स म्हणतात. ही टाळी लक्षात ठेवा, पुराच्या वेळी ती परत लागणार आहे.

मेमरी ही कधी कधी मुद्दाम बांधावी लागते. बंदरात भरती मोजायचं जुनं यंत्र कसं असतं? पाण्यात एक जाड पाईप उभा रोवतात, तळाशी एक लहान भोक. आत तरंगा, तरंग्याला दोरी, दोरीला लेखणी. बाहेर लाटा आदळत असतात, पण त्या लहान भोकातून काही सेकंदांत किती पाणी आत-बाहेर होणार? लाट आत पोचायच्या आधी ओसरते. भरती मात्र तासन्‌तास चढत असते, तिला भोक पुरतं. म्हणून पाइपात लाटा नाहीत, फक्त भरती-ओहोटी. ना वीज, ना चिप, आणि तरी हा पक्का फिल्टर. मुंबईत अपोलो बंदरची अशी नोंद 1878 पासूनची आहे. जगात इतक्या जुन्या नोंदी फार थोड्या बंदरांच्या आहेत, आणि ही आपल्याच किनाऱ्यावरची आहे, याचा मला अभिमान वाटतो.

आता स्टॅबिलिटी. यासाठी मी तुम्हाला आमच्या गावच्या शिमग्यात नेतो. 35 वर्षं तरी झाली असतील. मी नुकताच नोकरीला लागलो होतो, शिमग्याला घरी आलो होतो. पालखी सहाणेवर आलेली, रात्री नमनाचा खेळ. त्या वर्षी पहिल्यांदाच तालुक्याहून माईक आणि कर्णा आणला होता, त्यामुळे गावात केवढा उत्साह! मंडपवाल्यानं खांबावर कर्णा बांधला आणि त्याचं तोंड केलं मंडपाकडे, म्हणजे खेळ्यांना चांगलं ऐकू येईल. मृदंगावर थाप पडली, गणाला सुरुवात झाली आणि 'कुंऽऽऽई' असा आवाज सुरू झाला की पोरं रडायला लागली, कुत्री पळाली. मंडपवाल्यानं आवाज कमी केला. शिट्टी थांबली, पण मागे बसलेल्या बायका ओरडल्या, काही ऐकू येत नाही. वाढवला, परत शिट्टी. कमी, जास्त, कमी, जास्त, असं गण संपेपर्यंत चाललं.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. घरचा इलेक्ट्रॉनिक्सचा मास्तर बसलेला असताना दुसऱ्याला कोण विचारणार? मी अ‍ॅम्प्लिफायरचं झाकण काढलं. वायरी तपासल्या, अर्थिंग तपासलं, माईकची पिन साफ केली. सगळं ठीक होतं. आमचे गुरवकाका बाजूला उभे होते. ते काही न बोलता उठले, खांद्यावरची घोंगडी काढली आणि माईक आणि कर्णा यांच्या मध्ये दोन्ही हातांनी ताणून धरली. शिट्टी थांबली. बाजूला केली, शिट्टी आली. परत धरली, थांबली. मग मला म्हणाले, "मास्तर, ह्याला काही झालेलं नाही. हा कर्णा स्वतःचंच ऐकतोय. त्याचं तोंड फिरवा." कर्णा पुढे नेला, लोकांकडे तोंड केलं, आणि पहाटेपर्यंत नमन उत्तम रंगलं.

फीडबॅक हा शब्द त्यांनी कधी ऐकला नव्हता. पण त्यांनी जे केलं तो शुद्ध प्रयोग होता: वाट तोडून बघितली. मी पेटीत दोष शोधत होतो आणि दोष पेटीच्या बाहेर, हवेत होता. माईक, अ‍ॅम्प्लिफायर, कर्णा, हवा आणि परत माईक, हे सगळं वर्तुळ मिळून एक सिस्टिम होती. सिस्टिमची हद्द कुठे आखायची, हे मला गुरवकाकांनी शिकवलं. ते आता नाहीत. पण दर वर्षी हा धडा शिकवताना मी त्यांची घोंगडी सांगत आलोय.

त्याचा हिशोब करून दाखवतो, कारण हिशोबातच गंमत आहे. कर्णा माईकपासून साधारण 7 मीटरवर होता. आवाज हवेत सेकंदाला 340 मीटर जातो, म्हणजे एका फेरीला सेकंदाचा पन्नासावा भाग. एका सेकंदात 50 फेऱ्या. प्रत्येक फेरीत आवाज नऊ-दशांश होऊन परत येत असेल, तर 50 फेऱ्यांनंतर तो मूळच्या दोनशेव्या भागाइतका उरतो. म्हणजे गेला. आणि प्रत्येक फेरीत अकरा-दशांश होत असेल, तर 50 फेऱ्यांनंतर 117 पट! 0.9 आणि 1.1, बटण जरासं फिरवलं एवढाच फरक, आणि एका सेकंदात एकीकडे शांतता, दुसरीकडे कुत्री पळतात. स्टेबल सिस्टिमची व्याख्या एवढीच: आत जाणारं मर्यादेत असेल तर बाहेर येणारंही मर्यादेत राहिलं पाहिजे. त्या रात्री मृदंगाची थाप मर्यादेत होती, बाहेर येणारं राहिलं नाही.

मग विचाराल, पुढच्या सेकंदाला 117 गुणिले 117, त्यापुढे आणखी, असं वाढत का गेलं नाही? मंडप का नाही कोसळला? कारण अ‍ॅम्प्लिफायरची ताकद संपली. त्याच्यापाशी जेवढे व्होल्ट होते तेवढेच तो देणार. म्हणजे तिथे बेरजेचा नियम मोडला, सिस्टिम लिनिअर उरली नाही, आणि म्हणून शिट्टी एका उंचीवर अडकून राहिली. त्या 40 मुलांना मला हेच हवं होतं. अ‍ॅम्प्लिफायर लिनिअर आहे का? हळू आवाजाला आहे, मोठ्याला नाही. प्रत्येक वस्तू कुठवर लिनिअर, ही हद्द शोधायची असते. खुणा करण्याच्या तक्त्यात या उत्तराला जागाच नसते.

...हो, चिठ्ठी मिळाली. पंधरा मिनिटं. चालेल, भरती अजून यायची आहे, मी भराभर जातो.

कॉझॅलिटी. सिस्टिम पुढच्याचं उत्तर आधी देऊ शकत नाही. पाऊस यायच्या आधी पावश्या 'पेरते व्हा' म्हणतो, मग त्याला पुढचं कळतं का? नाही. पाऊस यायच्या आधी हवेत, ऋतूत जे बदल होऊन गेलेले असतात त्यांना तो ओ देतो. कारण आधीचंच असतं, आपल्याला दिसत नाही इतकंच. पण नोंदवून ठेवलेल्या सिग्नलला हे बंधन नाही, ही खुबी आहे. आर्थर डूडसन हे ब्रिटिश गणिती, दुसऱ्या महायुद्धात नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरच्या भरत्या ज्यांनी वर्तवल्या तेच. त्यांचा एक फिल्टर आहे. नोंदीतून भरती-ओहोटी पुसून समुद्राची सरासरी पातळी काढायची, तर दर तासाचे 39 आकडे घ्यायचे: मधला एक, त्याच्या आधीचे 19 तास आणि नंतरचे 19 तास. म्हणजे आज दुपारच्या पातळीसाठी उद्या सकाळचे आकडे लागतात! वहीत नोंद असेल तर घ्या की. चालू समुद्रावर मात्र 19 तास थांबल्याशिवाय उत्तर मिळत नाही.

इनव्हर्टिबिलिटी, म्हणजे उलटा प्रवास. पर्जन्यमापकात रोज सकाळी साडेआठला पाणी मोजतात, 24 तासांचं एकदम. समजा 200 मिलिमीटर. हा पाऊस दिवसभर रिपरिप पडला की रात्री तीन तासांत कोसळला? त्या आकड्यावरून कधीही परत काढता येणार नाही. माहिती मापकातच मिसळून गेली. आणि नदीच्या दृष्टीनं या दोन पावसांत जीव वाचण्या-न वाचण्याइतका फरक आहे. म्हणून दर पंधरा मिनिटांनी स्वतः मोजणारे पर्जन्यमापक घाटात हवेत, भरपूर हवेत, हे मी जिथे बोलावतील तिथे सांगतो.

टाइम इनव्हेरिअन्स. आज जे घातल्यावर जे आलं, तेच आठ दिवसांनी घातल्यावर तेच यायला हवं, फक्त आठ दिवस उशिरा. माझ्या वर्गात वाशिष्ठीकाठची एक मुलगी होती. ती म्हणाली, "सर, आमची नदी टाइम-व्हेरिअंट आहे. जूनमध्ये 100 मिलिमीटर पडला तर जमीन पिऊन टाकते, जुलैत तेवढाच पडला की पाणी अंगणात." उत्तर फार सुंदर होतं, आणि मी ते बरोबर आहे असं म्हणणारच होतो. मग दुसऱ्या बाकावरून प्रश्न आला, "पण सर, दोन्ही वेळी आत तेच घातलं का? जुलैच्या त्या पावसाआधी महिनाभराचा पाऊस आत गेलेलाच आहे." अख्खा तास त्या वादात गेला, आणि तो माझ्या नोकरीतला सर्वांत चांगला तास होता. जमीन भिजलेली आहे, म्हणजे नदीला मागचं आठवतंय. जे आपल्याला बदललेलं वाटतं ते पुष्कळदा नुसती मेमरी असते. खरा बदल वेगळा: डोंगरावरची झाडी गेली, पात्रात गाळ साचला. तेव्हा तोच सबंध पावसाळा जसाच्या तसा पुन्हा पडला तरी पातळी वेगळी येईल. 2021 नंतर वाशिष्ठीतला गाळ काढायचं काम झालं, तेव्हा उलट दिशेनं हेच झालं. सिस्टिम बदलली. तिच्यासाठी पूर्वी काढलेले आकडे तेव्हापासून जुने झाले.

आता भरती, जिच्यासाठी तुम्ही आलात.

भरतीची वेळ काढायचं आपलं सूत्र सगळ्यांना येतं: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती. जुन्या माणसांना पाऊणकी पाठ असायची, त्यांना कोष्टक लागत नसे. हे सूत्र येतं कुठून? एक तिथी म्हणजे चंद्र सूर्याच्या 12 अंश पुढे. आकाश 24 तासांत 360 अंश फिरतं, म्हणजे 12 अंशांना 48 मिनिटं. दोन घटका, बरोबर एक मुहूर्त! भरती तिथीमागे एका मुहूर्तानं पुढे सरकते. पाऊण तास म्हणजे 45 मिनिटं, तीन मिनिटं कमी. म्हणून पौर्णिमेला पाऊणकी सव्वाअकरा देते आणि मुहूर्ताचा हिशोब बारा. त्यात बंदराबंदराचा फरक वेगळाच, कारण भरतीची लाट या किनाऱ्यानं दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते. आमच्या खाडीवरचे लोक सूत्रात आपली मिनिटं मिळवतात आणि वजा करतात, ती याच अनुभवानं.

कोष्टक छापणारे काय करतात? चंद्राचा ओढा 12 तास 25 मिनिटांनी येणारा, सूर्याचा बरोबर 12 तासांनी, आणि असे 30-40 बारीकसारीक घटक. समुद्र जिथवर लिनिअर आणि टाइम-इनव्हेरिअंट आहे, तिथवर एक फार मोठी गोष्ट खरी असते: ज्या ठेक्याची लहर आत जाते, त्याच ठेक्याची बाहेर येते. बदलतं काय? उंची आणि उशीर. बस, प्रत्येक घटकाला दोन आकडे. ते त्या बंदराचे स्वतःचे. मुंबईसमोर समुद्राचा उथळ तळ दूरवर पसरलेला, म्हणून तिथे मोठ्या उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या वर जातं आणि आपल्याकडे तेवढं चढत नाही. चंद्र तोच. वर्षभर मोजून ते आकडे काढायचे, मग लहरींची नुसती बेरीज. चंद्र-सूर्य जुळले की उधाण, आडवे आले की भांग. आणि सर्वांत मोठं उधाण पौर्णिमा-अमावास्येला न येता एक-दोन दिवसांनी येतं, हे कोळी सांगतात ना? ती समुद्राची मेमरी.

लॉर्ड केल्व्हिननं 1872 च्या सुमाराला ही बेरीज करणारं यंत्र काढलं. प्रत्येक घटकाला एक कप्पी, सगळ्या कप्प्यांवरून एकच दोरी, आणि दोरीच्या टोकाला लेखणी. कप्पी वर-खाली झाली की दोरी तेवढी ओढली जाते. बेरजेचा नियम पितळेत ओतलेला! 1879 मध्ये एडवर्ड रॉबर्ट्सनं असंच यंत्र खास हिंदुस्थानच्या बंदरांसाठी बनवून घेतलं. आज कोष्टकं सर्व्हे ऑफ इंडिया काढतं, काम संगणक करतो, बेरीज तीच आहे. आणि एक सांगायलाच हवं: त्या हिशोबात राहू-केतू खरोखर असतात. चंद्राच्या कक्षेचे ते दोन छेदबिंदू 18.6 वर्षांत एक फेरी करतात, आणि त्यांच्या जागेप्रमाणे चंद्राच्या घटकांचे आकडे थोडे सुधारावे लागतात.

पाच मिनिटं? बरं.

तेव्हा भरती सांगता येते याची कारणं दोन. आत जाणारा सिग्नल, म्हणजे चंद्र-सूर्य, शेकडो वर्षं पुढचा आपल्याला माहीत आहे. यात कॉझॅलिटी कुठेही मोडत नाही, समुद्र पुढचं ओळखत नाही, आपण ओळखतो. आणि मधली सिस्टिम बेरीज पाळते. उथळ खाडीत शिरलात की तीही मोडायला लागते. उथळ पाण्यात खोली चौपट तर लाटेचा वेग दुप्पट, म्हणून भरतीचा माथा पळतो आणि ओहोटीचा पाय रेंगाळतो. भरती झटकन चढते, ओहोटी लांबते, आणि चंद्राकडे नसलेला सव्वासहा तासांचा एक नवाच ठेका तयार होतो. आत न घातलेला ठेका बाहेर आला की समजा, बेरीज मोडली.

पुराचं दोन्ही बाजूंनी उलट. आत जाणारा सिग्नल पाऊस, तो उद्याचासुद्धा धड माहीत नाही. त्यात कोयनेच्या वीजघरातून सुटलेलं पाणी वाशिष्ठीत येतं, ते माणसाच्या हातात. मधली सिस्टिम कोरडी असताना पिते आणि भिजल्यावर सोडते, म्हणजे लिनिअर नाही. पात्र भरून पाणी शेतात पसरलं की आणखी नाही. गाळानं वर्षावर्षाला बदलते. तरी 1932 मध्ये लेरॉय शर्मन नावाच्या अमेरिकन इंजिनिअरनं एक वाट काढली. जमिनीत मुरून जे उरतं तेवढाच पाऊस धरायचा. अशा एक एकक पावसाला नदी कशी चढते आणि कशी उतरते, तो आलेख एकदा काढायचा. मग कितीही पाऊस असो, त्या आलेखाच्या पटी करून, वेळेप्रमाणे सरकवून बेरीज करायची. ओळखलंत? ती टाळी! मघाची माझी टाळी आणि शर्मनचा एक एकक पाऊस, एकच कल्पना. नदी लिनिअर आणि टाइम-इनव्हेरिअंट आहे असं तो धरून चालला, आणि भिजलेल्या जमिनीवर ते कामापुरतं जमतं. पण पाऊस पडल्यानंतर. घाटात पडलेलं पाणी पुलाखाली यायला नदी जो वेळ घेते, तेवढेच तास आपल्या हातात. तेही घाटातला आकडा तासातासाला खाली पोचला तर. सकाळी साडेआठला एकदा पोचून उपयोग नाही.

माझ्या मित्राला मी शेवटी पंचांग काढून दाखवलं. 22 जुलै 2021. आषाढी एकादशी होऊन दोन दिवस झालेले, त्रयोदशी, पौर्णिमा दारात, म्हणजे पाणी उधाणाकडे चढत चाललेलं. तो लगेच म्हणाला, "तेर पाऊण पावणेदहा." दाभोळला खाडीच्या तोंडाशी सकाळी पावणेदहा-दहाला भरती, आत चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत शिरायला आणखी वेळ. एवढं त्याला बोटांवर आलं. घाटात आदल्या रात्री कुठल्या तासाला किती पडला, ते त्या पंचांगात नव्हतं. तो बराच वेळ पानाकडे बघत राहिला, मग म्हणाला, "म्हणजे पुढच्या जुलैतल्या उधाणाच्या रात्री आधीच काढून ठेवता येतील. त्या रात्री होड्या वर ओढून, दोर बांधून तयार ठेवायच्या." दर वर्षी मे महिन्यात तो आता ती यादी काढतो आणि जेटीवरच्या टपरीच्या फळीला चिकटवतो. यंदाची मी येताना आणलीये, मागच्या टेबलावर ठेवतो. ज्यांचं घर खाडीकाठी आहे त्यांनी जाताना उतरवून घ्या.